उलटा शिक्का

निशिवाता स्टेशनाखाली शहर वसवायचं ठरलं, तेव्हा तिथे सगळ्यांत आधी राहायला आली ती पुठ्ठ्याची माणसं. तीन रेल्वेमार्ग जिथे एकमेकांत घुसतात त्या जमिनीच्या पोटात गल्ल्या, दुकानं, एक थिएटर आणि मधोमध कारंज्याचा चौक, अशा सगळ्याचं मॉडेल बांधकाम कंपनीच्या दारात मांडलेलं होतं. माणसं नखाएवढी आणि सगळी हसरी. त्यांच्या डोक्यावर छत नव्हतं, हे त्यामागचं कारण असावं.

छताचं काम ओत्सुजीकडे होतं. नियोजन विभागात तो सगळ्यांत धाकटा. चौकावरच्या स्लॅबखालचे टेकू कधी काढायचे याचा हिशोब त्याने केला होता, आणि तो बरोबर होता. अडचण एवढीच की रेल्वेच्या अध्यक्षांना चौक बघायचा होता आणि टेकूंच्या जंगलात चौक दिसत नाही. त्यात हिशोबाने आलेली तारीख पडत होती बुत्सुमेत्सुला. कॅलेंडरातला हा सगळ्यांत अशुभ दिवस. त्या दिवशी ओसाकात कोणी साधी सायकलसुद्धा विकत घेत नाही.

"मग दुसऱ्या दिवशी बोलवू या त्यांना," ओत्सुजी म्हणाला. "ताइआन आहे. शुभातला शुभ."

"त्या दिवशी त्यांच्या भाचीचं लग्न आहे," विभागप्रमुख मुरोता म्हणाले. "ताइआनलाच असणार ना? आपण त्याच्या आधीचा ताइआन धरू."

"आधीचा? साहेब, तोवर स्लॅब कच्चा असेल."

"अरे, एवढा चांगला दिवस आहे. स्लॅबला काय कळत नाही?"

बैठकीतल्या सगळ्यांनी टेबलाकडे पाहिलं. टेबल मजबूत होतं.

नव्या तारखेचा कागद शिक्क्यांसाठी फिरायला लागला. कंपनीत निर्णय कोणीच घेत नसे. कागद फिरायचा, जो तो आपल्या नावाचा लाल शिक्का उमटवायचा आणि शेवटी निर्णय झालेला असायचा. धाकट्यांनी शिक्का जरासा डावीकडे कलता मारायचा, म्हणजे तो साहेबांच्या शिक्क्यापुढे वाकल्यासारखा दिसतो. ओत्सुजी बराच वेळ शिक्का हातात धरून बसला. मग त्याने तो उलटा मारला. नावाचे पाय वर, डोकं खाली. जुनी माणसं असं करायची, असं त्याने ऐकलं होतं: मंजूर, पण मनाविरुद्ध. आयुष्यात त्याने एवढं धाडस कधी केलं नव्हतं. घरी जाताना त्याने स्वतःला एक बिअर पाजली.

मुरोतांनी कागद पाहिला, "ओत्सुजी, चष्मा बदल," म्हणाले आणि आपला शिक्का सरळ मारला. त्यामागून बाकीचे सगळे सरळच आले.

ताइआनला सकाळी ओत्सुजी खाली उतरला. मुकादम सावाई चौकात उभं राहून टेकू काढून घेत होता. अर्धे निघालेही होते. हा माणूस पन्नाशीचा, आवाज भोंग्यासारखा.

"या या, उलटे साहेब!" सावाई ओरडला. "काय हो, शिक्का मारताना शीर्षासन करत होता का?"

"सावाई-सान, तुम्ही पाहिलात तो?"

"पाहिला म्हणजे? तेवढाच तर बघतो मी. मुरोता कशावरही शिक्का मारतो. उद्या त्याच्या टकलावर कागद ठेवला तर तिथेही मारेल. पण हिशोब तुमचा. तुमचं नाव दिसलं तेव्हा पोरांना म्हटलं, चला, लागा कामाला."

"पण तो उलटा होता."

"मग? झोपेत मारला असेल. बायको बघा आता एखादी."

ओत्सुजीने वर पाहिलं. स्लॅब ओलसर आणि राखाडी होता. आता बोलायचं तर नऊ साहेबांच्या शिक्क्यांविरुद्ध बोलायचं, आणि तेही मजुरांसमोर. त्याने तोंड उघडलं.

"जरा... जपून करा," तो म्हणाला.

"जपूनच करतोय की. घरी बायको रोज तोच फ्लॉवर वाफवते, तरी धडधाकट परत जातोच ना मी!"

इतक्यात मुरोतांचा निरोप आला: पाहुणे येताहेत, रांगेत उभं राहायला माणूस कमी पडतोय. ओत्सुजी वर गेला आणि रांगेत उभा राहिला. अध्यक्ष गाडीतून उतरले. सगळे वाकले. वाकलेले असतानाच जिन्यातून आधी आवाज आला, मग मजूर धावत आले आणि त्यांच्यामागून धूळ. ती अध्यक्षांच्या पांढऱ्या हातमोज्यांवर बसली. कोणीच सरळ होईना, कारण अध्यक्षांनी अजून मान हलवली नव्हती.

तडा ऐकू येताच सावाईने पोरांना बाहेर हाकललं होतं. स्वतः मात्र एका टेकूला पाठ लावून उभा राहिला, असं पोरं म्हणाली. तो सापडायला दोन दिवस लागले. पुढचा दिवस कॅलेंडरात अंत्यविधीला वर्ज्य, मेलेला मित्रांना ओढून नेतो म्हणतात, म्हणून स्मशान बंद. सावाईला आणखी एक दिवस थांबावं लागलं.

चौकशी समिती बसली. तिने शिक्के पाहिले. सरळ शिक्के मारणाऱ्यांना धोका माहीतच नव्हता, हे उघड होतं. माहीत असतं तर त्यांनी सरळ कशाला मारले असते? उलटा एकच होता. म्हणजे माहीत असलेला माणूसही एकच. त्याने तो धोका वरिष्ठांपासून दडवला. मुरोतांनी माफी मागायला ओत्सुजीलाच सावाईच्या घरी पाठवलं आणि तिथे किती वाकायचं ते करून दाखवलं.

सावाईची बायको किमिए हिने दार उघडलं. ओत्सुजी दाखवल्याप्रमाणे वाकला आणि तसाच राहिला. मग चटईकडे बघत त्याने सगळं सांगितलं: स्लॅब, तारीख, शिक्का, त्याचा अर्थ.

तिने ऐकून घेतलं.

"तुमच्या टेबलावर फोन असेल ना?" तिने विचारलं.

"हो."

"आणि साइटवर?"

"मुकादमांच्या खोलीत."

"बिघडला होता का?"

"नाही, किमिए-सान."

"त्यांना भेटला होता तुम्ही त्या दिवशी?"

"हो. सकाळी."

"मग काय म्हणालात?"

ओत्सुजीने सांगितलं. "जपून करा," ती स्वतःशीच पुटपुटली, कोणाचा तरी पत्ता पाठ करत असावी तशी. मग तिने चहा पुढे सरकवला आणि तो प्यायला लागेपर्यंत त्याच्याकडे बघत बसली.