तीन बोटं जास्त

मी एक जुना पेपर पॅटर्न आहे, मित्रांनो. पॅटर्न म्हणजे कपडा बेतायचा कागद. सध्या माझा मुक्काम पातूरला, शेणानं सारवलेल्या जमिनीवर, एका शिलाई मशीनच्या डाव्या पायाखाली असतो. माझ्या अंगावर तेलाचे चार डाग, वाळलेलं वरण आणि पालीची शेपटी आहे. पाल नाही, फक्त शेपटी. मला स्वतःची किळस येते आणि ती योग्यच आहे.

माझा जन्म साता समुद्रापलीकडचा. तिथं माणसं शिंकतातसुद्धा हातमोजे घालून. कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ होतो मी. माझ्या पाकिटावर सोनेरी केसांची एक बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. तिच्या अंगात माझाच झगा, होजिअरीचा, अंगासरसा बसणारा, गुडघ्याच्या वर संपणारा. आत दोन ठळक सूचना होत्या. पहिली, शिलाईचा दाब, म्हणजे शिवणीत दुमडायचं जादा कापड, कागदात धरलेला आहे, वेगळा ठेवू नये. दुसरी, ओला झगा टांगू नये, आडवा वाळवावा. चार भाषांत लिहिल्या होत्या. त्या चारांत मराठी नव्हती.

त्या वर्षांत वऱ्हाडात मदत फार येत होती. कुणाच्या दारी गाय यायची, कुणाच्या दारी फवारणीचा पंप, आणि कुणाकडे नुसतेच फोटो काढणारे लोक. पातूरच्या बायकांकडे मी आलो. अकोल्याच्या एका संस्थेनं बारा जणींना बारा मशीन, बारा पाकिटं आणि जांभळी होजिअरी वाटली. कापूस इथला, कापड तमिळनाडूतलं, नमुना परदेशातला, आणि घालणार कोण, हे कुणी विचारलं नव्हतं. जिचा झगा पाकिटावरच्या बाईसारखा होईल तिला शिलाई केंद्र चालवायला मिळणार होतं. महिन्याला पगार. शनिवारी संस्थेच्या मॅडम बघायला येणार.

मी संध्याच्या वाट्याला आलो. तिनं दोन हंगाम लोकांच्या कपाशीत निंदण केलं होतं. तिसरा हंगाम तिला नको होता. एवढी एकच गोष्ट तिला हवी होती, आणि ती माझ्यावर अवलंबून होती. पहिल्याच दिवशी तिनं माझ्यावर वरणाची वाटी ठेवली.

झगा अलीझाच्या मापाचा करायचा होता. अलीझा म्हणजे शेजारच्या जहाँआराआपाची दहावीतली मुलगी, गल्लीत तीच तेवढी पाकिटावरच्या बाईइतकी बारीक. जहाँआराआपा सलवार सूट शिवायची, तिची गिऱ्हाइकं ठरलेली, तिला केंद्र नको होतं. ती फक्त मदतीला आली. दोऱ्याचं टोक थुंकीनं ओलं करायची आणि त्याच तोंडानं माझ्याविषयी मत द्यायची.

"दाब ठेव वं संध्या," ती म्हणाली. "तीन बोटं तरी. पोरगी वाढून राहिली."

"आपा, कागदात असन ना दाब."

"कागदाले काय मालूम, पोरगी कितीक वाढते ते?"

मित्रांनो, पोरीचं नाही, पण दाबाचं मला मालूम होतं. माझ्यावर लिहिलेलं होतं. पण इथं कपडा आजच्या अंगाला कुणी शिवतच नाही, पुढच्या चार वर्षांच्या अंगाला शिवतात. संध्यानं चारही बाजूंनी तीन-तीन बोटं सोडली आणि कात्री चालवली. त्यात कापड ताणलं जाणारं. माझ्या डोळ्यांदेखत त्या नाजूक झग्याचं पोतं झालं.

शुक्रवारी कापडाला गोदामाचा वास येतो म्हणून तिनं झगा धुतला आणि ओलाच तारेवर टांगला. सकाळी गुडघ्यापर्यंत असलेला झगा दुपारी पोटऱ्यांपर्यंत आला. चार वाजता तो घोट्यापर्यंत पोचला. गल्लीतले लोक त्याला बघायला येऊ लागले. देवराव नावाच्या एका म्हाताऱ्यानं तर खुर्चीच आणली.

शनिवारी अलीझानं तो घातला आणि ती दिसेनाशी झाली. आतून फक्त तिचं हसू ऐकू येत होतं. संध्या हसली नाही. ती भिंतीला टेकून बसली आणि कोपऱ्यातल्या निंदणाच्या विळ्याकडे बघत राहिली.

तेवढ्यात समोरच्या इंदूबाई आल्या. इंदूबाई म्हणजे गल्लीतलं सगळ्यात मोठं माणूस, वयानंही आणि घेरानंही. त्यांनी झगा लुगड्यावरूनच चढवला. मी डोळे मिटायचा प्रयत्न केला, पण कागदाला पापण्या नसतात. झगा त्यांना बरोबर बसला.

"हे तं मॅक्सी होय," त्या म्हणाल्या. "पन याले खिसा कावून नाही? तंबाखूची डबी कोठी ठेवू?"

जहाँआराआपानं उरलेल्या तुकड्याचा खिसा तिथंच लावला. माझ्या चौदा भागांत खिसा नव्हता. शिसारी आली मला.

मॅडम आल्या. त्यांनी पाकिटावरची बाई पाहिली, मग इंदूबाई पाहिल्या, मग पुन्हा पाकीट पाहिलं. हे नमुन्याप्रमाणे नाही, असं त्या हळूच म्हणाल्या. त्या खरं बोलत होत्या. केंद्र पलीकडच्या गल्लीतल्या शालूला मिळालं. संध्यानं मान हलवली आणि इंदूबाईंना झगा उतरवायला सांगितलं, कापड परत द्यायचं होतं.

"काढत नाही मी," इंदूबाई म्हणाल्या. "साठ वर्षांत पयल्यांदा कोन्या कापडानं माह्या आंगाचं आयकलं."

मॅडमनी कापड परत मागितलं नाही. संध्याकाळपर्यंत दारात सात बाया उभ्या होत्या, सगळ्या चांगल्या भरल्या अंगाच्या, आणि सगळ्यांना खिसा हवा होता. त्या हंगामात संध्या निंदायला गेली नाही. पुढच्याही नाही. आता पातूरच्या बाजारात माझा झगा मिरच्या घेत हिंडतो, खांद्यावर टॉवेल टाकून. असा अपमान कुणाच्या नशिबी येऊ नये.

संध्याला आता माझी गरज नाही, तिला बेत तोंडपाठ आहे. मशीन डुगडुगत होतं म्हणून तिनं माझी घडी घालून पायाखाली सारली.

म्हणून सांगतो मित्रांनो, सूचना वाचत जा. कागद जपून ठेवत जा. आणि पातूरला आलात तर दया येऊन मला ओढून काढू नका. मागे अलीझानं ओढलं होतं, तेव्हा मशीन हललं आणि इंदूबाईंच्या दुसऱ्या मॅक्सीचा खिसा तिरका आला. फार किळसवाणा दिसतो तो. तेव्हापासून संध्या मशीनवर बसली की मी जागचा हलत नाही.