न पेटलेला राब

आमचा थोरला भाऊ न्सोफ्वा जूनच्या थंडीत गेला, खोकल्यानं. पण मेल्यावरही त्याचं झाडावर चढणं काही थांबलं नाही.

दुपारी जेवून मी मुपुतूच्या झाडाखाली जरा आडवा झालो की वर खुडबुड सुरू. बघावं तर हा पार शेंड्याला उभा. हातात कुऱ्हाड, अंगात तोच भोकं पडलेला बनियन. जिवंतपणी उभा राहायचा तसाच, कशालाही न धरता. घाव घालायचा, फांदी सुटायची, पण खाली यायचीच नाही. पाण्यात सोडल्यासारखी हलत हलत तिथंच राहायची, आणि बघता बघता तिला तिथल्या तिथं कोवळी लाल पानं फुटायची. मग तो वाकून विचारायचा, "कबासो, नाचणी पेरलीस का रे?"

मी तोंड उघडेपर्यंत जाग यायची.

आमच्याकडे माणूस गेला की वर्षभरानं त्याचं नाव घरातल्या दुसऱ्या कुणीतरी घ्यायचं असतं. नाव घेतलं की तो सुटला. नाहीतर असा भटकत बसतो. त्या दिवसाला नाचणीची कटुबीच लागते. मडक्यात आंबवलेली नाचणी, वरनं कढत पाणी, आणि एकेकानं नळीनं ओढायचं. मक्याची दारू चालत नाही. मेलेल्यांना मका ओळखू येत नाही, असं माझी बायको न्गोसा म्हणते.

आता नाचणी आमच्या मातीत उगाच येत नाही. फांद्या छाटा, वाळवा, गोल रास रचा, पाऊस दाराशी आला की ती पेटवा आणि त्या राखेत पेरा. आजा-पणजापासून असाच राब भाजत आलो आम्ही.

आणि राब भाजायलाच बंदी होती.

दोन वर्षांपूर्वी मिस सिम्फुक्वे आली होती, मोटरसायकलवरनं. झाडाला मिठी मारल्यासारखी फीत गुंडाळून ती त्याची कंबर मोजायची. तिनं अख्खं गाव बसवलं आणि सांगितलं. लांबच्या मुलखात गाड्या, कारखाने रात्रंदिवस धूर सोडतात. त्यातला कार्बन वर जाऊन ऊन कोंडून धरतो, म्हणून पाऊस असा भरकटलाय. झाडं तो कार्बन खातात. तुम्ही जंगल राखा, आग लावू नका, त्याबद्दल गावाला हातपंप मिळेल, नर्स मिळेल. पण वरनं, आभाळातनं, डोळा आहे. एक राब पेटला तरी दिसेल, आणि सगळ्यांचंच जाईल.

न्सोफ्वा तेव्हा होता. उठून म्हणाला, "म्हणजे पोरी, धूर त्यांनी करायचा आणि ठसका आम्ही गिळायचा?"

सगळे हसले. मिसही हसली. मग खाली बघून म्हणाली, "हो काका, तसंच आहे ते. खोटं कशाला सांगू?"

त्या एका बोलण्यावर न्सोफ्वानं हात वर केला. त्यानं केला म्हणून मी केला. पंप आला. नर्सही आली, आणि शेवटच्या दिवसांत न्सोफ्वाच्या उशाशी तीच बसली होती. हे मी विसरलो नव्हतो. पण रोज दुपारी भाऊ येऊन विचारायला लागल्यावर माणूस काय करणार?

मी आतल्या रानात जाऊन गुपचूप सहा झाडं छाटली. साठी उलटलेल्या गुडघ्यांनी. न्गोसानं फांद्या डोक्यावरनं वाहून रास रचली आणि प्रत्येक खेपेला मला एक शिवी दिली. "भावजी गेले ते गेले, मला हमालीला लावून गेले!" तरी रास तिनं अशी रचली की बघत राहावं. मधे उंच, कडेला उतरती, कुठं फट नाही.

राखणीच्या कमिटीचा म्होरक्या होता मलामा. तो पावसाच्या कुळातला, मी अळंबीच्या. ह्या दोन कुळांनी एकमेकांची टर उडवायची, वस्तू पळवायच्या आणि एकमेकांचे मुडदे पुरायचे, अशी रीत आहे. राग धरायचा नाही. धरला तर गाव थुंकतं.

"ए अळंबी," तो पंपावर सगळ्यांसमोर ओरडायचा, "छत्री मीट की! पाऊस कुठाय?"

"तुझंच खानदान पिऊन पडलंय कुठंतरी. लाथ घालून उठव त्यांना."

"उठवलं असतं. पण तुझं थोबाड बघून ते पुन्हा निजतात."

हसण्यावारी जायचं, पण पाऊस खरंच येईना. ऑक्टोबर सरला. पूर्वी ह्या दिवसांत ढग नेमानं यायचे. आता यायचे, गावावर जरा थांबायचे आणि पत्ता चुकल्यासारखे निघून जायचे. ऊन असं की लांबचं रान पाण्याखाली असल्यागत डुलायचं.

एका दुपारी वारा पडला. पूर्वेला काळं दिसलं. म्हटलं, हाच दिवस. खापरीत निखारे घेतले, वर राख भुरभुरली आणि निघालो. वाटेत पक्षी नाही, किडा नाही. माझीच पावलं मला दुसऱ्या कुणाची तरी वाटायला लागली.

राशीपाशी पोचलो तर राशीवर मलामा झोपलेला. टोपी तोंडावर, हात पोटावर.

"मलामा, खाली उतर."

"उतरत नाही. लाव."

"बाजूला हो रे म्हाताऱ्या!"

"लाव म्हणतो ना. पण मग मला पुरायचं काम तुझंच. खड्डा खणायची ताकद आहे का ते बघ, मग लाव." टोपी न काढता तो पुढे म्हणाला, "माझं डोकं पूर्वेला ठेव. आणि रडताना जरा मोठ्यानं. मागच्या वेळी आमच्या चुलत्याला रडलास तेव्हा शेळी शिंकल्यासारखं वाटलं."

मी खापरी हातात धरून उभा. निखाऱ्यांचा चटका लागायला लागला तशी ती खाली ठेवली. मग पाय दुखायला लागले, म्हणून राशीवर त्याच्या शेजारी टेकलो. वाळक्या पानांना गोड वास येत होता. ऊन जड झालं होतं. कधी डोळा लागला कळलं नाही.

न्सोफ्वा वर होताच. त्या दिवशी सगळ्याच झाडांवर होता. जिकडे बघावं तिकडे शेंड्यावर तोच, आणि सगळीकडनं सुटलेल्या फांद्या हवेत हळूहळू फिरत होत्या, लाल पानांच्या. रान नदीसारखं वाहत होतं आणि आमची रास त्यात नावेसारखी चालली होती. न्सोफ्वा एका झाडावरनं वाकला. "पेरलीस का रे?"

मी उठलो तेव्हा मलामा बसून वरच बघत होता.

"बनियन तरी बदलायचा होता त्यानं," तो म्हणाला.

"तुलाही दिसला?"

"मला काय विचारतोस? मला तो फक्त शिव्या देतो. तुझ्याकडे काय मागतो?"

"नाचणी."

"आग मागतो?"

मी आठवून बघितलं. सगळ्या दुपारी आठवून बघितल्या.

"नाही," म्हणालो.

"मग आग तू मागतोयस." तो उतरला, खापरीवर दोन मुठी माती टाकली. "त्यानं हात वर केला होता कबासो. मेलेल्या माणसाचा हात तू खाली ओढणार?"

काळे ढगही तोवर निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्गोसाची किंकाळी. मलामा आमच्या चुलीतली राख पोत्यात भरत होता. पळवापळवीचा हक्क त्याला फक्त अळंबीवाल्यांच्या घरात. पण गड्यानं त्या आठवड्यात गावातली एक चूल सोडली नाही. बायका लाकूड घेऊन मागं लागायच्या. "चोरायचं तर कोंबडी चोर की, राख काय चोरतोस!" राख कशाला ते कळलं तेव्हा त्याच आपणहून राख आणून टाकायला लागल्या. टोपल्या, फुटके डबे. नर्सबाईंनीही पातेलं भरून दिली.

आम्ही वारूळ फोडून त्याची माती पसरली, त्यावर राख. दोन झोपड्या मावतील एवढं गोल. पण पेटवलेली राख आणि आणलेली राख ह्यात फरक असतो. आणलेली बसत नाही. पहिल्याच वाऱ्याला ती उठली आणि रानात पांढरं धुकं झालं. मलामाचे, न्गोसाचे, माझे केस, पापण्या सगळं पांढरं. तिघं एकमेकांकडे बघत उभे. आपण नक्की अलीकडे आहोत की पलीकडे, असं क्षणभर मला कळेना.

"बघत काय बसलात!" न्गोसा ओरडली. "फांद्या आणा!"

राशीच्या फांद्या आम्ही उरलेल्या राखेवर अंथरल्या. तीन आठवडे तिथं बसून राहिलो. पाऊस आला तेव्हा फांद्या बाजूला करून आम्ही नाचणी पेरली, आणि मलामा अंगणात नाचत सगळ्यांना सांगत सुटला, "माझे भाऊ आले, माझे भाऊ!"

नाचणी उगवली, आणि तिच्या दुप्पट तण. भाजलेल्या जमिनीत तण जळून जातं, इथं काहीच जळलं नव्हतं. न्गोसा तीन महिने खुरपत होती. कंबर धरून वर बघायची आणि म्हणायची, "बसा भावजी, बसा वर आरामात!" शेवटी निघाली एक टोपली. खरं सांगतो, एवढ्यात घर जगत नाही. पुढल्या साली काय करायचं ते आजही मला ठाऊक नाही. पण एक मडकं भरलं.

थंडीत नाव घेतलं. मलामानं मला पाण्याचा वाडगा दिला, न्सोफ्वाची कुऱ्हाड दिली. कटुबी पातळ होती, प्रत्येकाला दोन घोट आले. कुणी नावं ठेवली नाहीत. मलामानं ठेवली, पण तो त्याचा हक्क.

त्यानंतर दुपारी झाडावर कुणी दिसलं नाही. मी मुद्दाम निजतो. फक्त पानं हलतात. मला अजून करमत नाही.

परवा मिस सिम्फुक्वे झाडं मोजायला आली. वही उघडून म्हणाली, "कबासो काका कोण? आतली सहा झाडं कुणी छाटली, ते त्यांना विचारायचंय."

"कबासो नाही," मी म्हणालो. "मी न्सोफ्वा."

तिनं पानं उलटली. "न्सोफ्वा काका तर वारले ना?"

"मिस," मलामा म्हणाला, "तुमच्या वहीत झाडं लिहा. माणसांचं आम्ही बघतो."

ती मलामाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. पेन खिशात ठेवलं आणि फीत काढली.

"चला तर, न्सोफ्वा काका. त्या सहांना फूट आली का ते दाखवा मला."

मी कुऱ्हाड दाराशी ठेवली आणि पुढं झालो.