विक्रमी वर्षातली गिरणी

आकडेवारी खात्यात तिला सगळे मकाबाई म्हणत. देशात दरवर्षी किती मका दळला, भरडला, गाळला गेला याची बेरीज तिच्या टेबलावर व्हायची, आणि टोपणनाव चिकटायला एवढं कारण पुरतं. तिला त्या नावाचा राग नव्हता. शेजारच्या टेबलावर गहू सांभाळणाऱ्याला कुणी गहूभाऊ म्हणत नाही, हे ती जरा तोऱ्यातच सांगायची.

गिरण्या आणि कारखाने महिन्याला आपापले आकडे कळवत. जे कळवत नसत त्यांना ती फोन करकरून भंडावून सोडायची. वर्षाअखेरी साऱ्यांची मिळून आलेखावर एक रेघ निघायची. ती गेली काही वर्षं चढतच होती, आणि त्या वर्षी रेघेनं आजवरचे सगळे आकडे मागं टाकले. मकाबाईनं नेहमीप्रमाणे टिपण लिहिलं, ‘मक्यावरील प्रक्रिया यंदा विक्रमी’. वर्तमानपत्रांनी ते वाक्य जसंच्या तसं उचललं.

रविवारी सकाळी दादा आला. हा तिचा थोरला भाऊ, शहरातल्या जुन्या पिठाच्या गिरणीत मुख्य मिस्त्री. कुठली चाळणी बदलायची, रोलर किती आवळायचे, पीठ किती बारीक काढायचं, सगळं त्याच्या शब्दावर चाले. चहा समोर ठेवला तरी त्यानं कपाला हात लावला नाही.

“ठमे, हा विक्रम कुणाचा गं?”

पन्नाशीला टेकलेल्या बाईला ठमी म्हणणारा हा एकच माणूस आता उरला होता.

“देशाचा,” ती म्हणाली.

“आमची गिरणी देशाबाहेर आहे का मग? तीन पाळ्या चालायच्या, आता एक चालते. परवा आम्ही कामगार मिळून अन्नखात्यात गेलो होतो. म्हटलं, सुगी आली की कोंबडीखाद्याचे कारखाने सगळा मका उचलतात, आमच्या वाट्याला काही राहत नाही. सरकारी गोदामातला थोडा आम्हाला द्या. तर साहेबानं पेपर पुढं सरकवला. म्हणाला, धंदा विक्रमी चाललाय आणि तुम्ही रडताय कशाला?”

मकाबाईनं खुर्ची जवळ ओढली आणि त्याला समजावून सांगितलं, की बेरजेत पिठाच्या गिरण्या आहेत, खाद्याचे कारखाने आहेत, स्टार्चवाले आहेत. मका कुठल्याही यंत्रातून गेला की तिच्या लेखी प्रक्रिया झाली.

“म्हणजे आम्हाला आणि कोंबड्यांना तू एकाच पंगतीला बसवलंस,” दादा म्हणाला.

त्याला हसू येत नव्हतं, पण तिला आलं, आणि मग तिचं तिलाच बरं वाटेना. ही गोष्ट तिला माहीत होतीच. फक्त त्या गोष्टीकडं तिनं कधी नीट पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती आपल्या खात्याच्या साहेबांकडं गेली. रेघ एक नको, तीन काढू या, असं तिनं सुचवलं.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “बाई, ही मालिका माझ्या आधीच्या साहेबांच्याही आधीची. आज तीन रेघा काढल्या तर लोक विचारतील, इतकी वर्षं काय झोपला होतात का?”

“विचारलं तर हो म्हणू.”

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. माणूस वाईट नव्हता, फक्त निवृत्ती जवळ आली होती. “जुन्या वर्षांचीही फोड करा,” शेवटी ते म्हणाले. “बेरीज जुळली तर सही करतो.”

ते काम म्हणजे डोकेदुखी होती. खाद्यवाल्यांना वाटलं, नवा कर येतोय. स्टार्चवाले म्हणाले, आमचे जुने आकडे कुठं आहेत ते आम्हालाच ठाऊक नाही. मकाबाईनं कुणाला गोडीगुलाबीनं घेतलं, कुणाला दम भरला, आणि हळूहळू तीन रेघा कागदावर उभ्या राहिल्या. खाद्याची रेघ उंच चढलेली, स्टार्चची बेताची, आणि पिठाची उतरती. दादा खरं बोलत होता.

पण पूर्ण खरं नव्हे. पिठाची रेघ उतरायला लागली तेव्हा देशात खाद्याचा एकही मोठा कारखाना नव्हता. मका मुबलक होता, स्वस्तही होता, तरी पीठ कमी कमी होत गेलं होतं. कारखान्यांनी पुढं मका महाग केला आणि उताराला धक्का दिला, एवढंच. लोकच मक्याच्या पिठाकडून पावाकडं वळले होते.

छापून आल्यावर दादाला कळावं हे तिला पटेना. संध्याकाळी ती त्याच्या घरी गेली. वहिनी मुलीच्या उद्याच्या डब्यासाठी पाव कापत होती. मकाबाईनं सांगायचं ते सरळ सांगितलं.

दादाची कानशिलं तापली. “तू कुणाच्या बाजूची?”

“दादा, बेरजेला बाजू नसते.”

“ती जुनी वर्षं गाळ ना. फक्त आमचा उतार दाखव.”

“तसं नाही करता येणार. तुमचा उतार जिथं दिसतो, तिथंच तो कधी सुरू झाला तेही दिसतं.”

वहिनीनं सुरी खाली ठेवली. “त्या खोटं कुठं बोलतायत? या घरात मक्याचं पीठ तुमच्याशिवाय खातं कोण?”

दादा उठून बाहेर गेला. मकाबाई वाट पाहत बसली, पण तो आला नाही. वहिनीच म्हणाली, “जा तुम्ही. त्यांना वेळ लागतो.”

तक्ता छापून आला. साहेबांना खुलासा द्यावा लागला आणि त्यांनी तो न कुरकुरता दिला. अन्नखात्यानं दोन हंगाम गोदामातला मका पिठाच्या गिरण्यांना दिला, पण गिऱ्हाईक काही गोदामातून येत नाही. दादाच्या गिरणीत दुसरी पाळी सुरू झाली, काही काळ चालली, पुन्हा बंद पडली. मग मालकानं गिरणीच बंद करायचं ठरवलं.

इतके दिवस घुम्यासारखा राहिलेला दादा त्यानंतर एकदा तिच्या दारात उभा राहिला. “शुक्रवारी शेवटचं दळण आहे. येतेस?”

इतकी वर्षं ती या गिरणीचा आकडा मांडत आली होती, पण आत पाऊल टाकलं नव्हतं. शुक्रवारी ती गेली. जिन्याचे कठडे गुळगुळीत झाले होते. पायाखालची फळी थरथरत होती आणि बोललेलं ऐकू येत नव्हतं. दादानं तिला मजल्या-मजल्यावर नेलं, मका कुठून पडतो, कोंडा कुठं वेगळा होतो, हातवारे करून दाखवलं. तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या. एका नळीखाली त्यानं तिचा हात धरून ठेवला. कोमट, मऊ पीठ तळव्यावर साचत गेलं.

मग तो वर गेला आणि एकेक मजला बंद करत खाली आला. शेवटची चाळणी थांबली तेव्हा खालच्या मजल्यावर कुणीतरी खोकलेलं स्पष्ट ऐकू आलं.

बाहेर आल्यावर दोघं पायीच निघाले.

“खाद्याच्या कारखान्यात बोलावलंय मला,” दादा म्हणाला. “सोमवारपासून.”

“जाणार?”

“जाणार. घरी बसून तुझ्या वहिनीचे टोमणे कोण ऐकणार?” थोडं चालून तो म्हणाला, “तिथं बारीक काढायचं नसतं म्हणे. भरडलं की झालं. शिकावं लागेल.”

सोमवारी तो वेळेवर कामावर गेला.