न भाजणारे पाय

राहीबाईनं ओटी सारवून हात धुतले न धुतले तोच कोंडाजी रानातून परतला आणि ओल्या सारवणावरून तसाच आत गेला, पाण्याच्या डेऱ्याकडे. घटाघटा तांब्या रिचवला, पुन्हा बुडवला. "अवो, सारवन तरी वाळू द्या जरा," असं करवादत ती वळली आणि जागीच थांबली. सारवणावर उमटलेल्या पावलांत रक्त होतं.

"पायाला काय लागलं?"

"कुटं काय?"

"खाली बगा की."

कोंडाजीनं पाय उचलून पाहिला. अंगठ्याशेजारच्या बोटाखाली कुडाच्या बांबूची चांगली लांब चीप आरपार शिरली होती. त्यानं ती लोण्यातून केस काढावा तशी उपटली आणि वर हसला. "बग राहे, दुकलंसुदिक नाय. आईची किरपा!"

आई म्हणजे वाडीची जाखमाता. वरंधच्या वरच्या अंगाला डोंगराला चिकटलेली ही वाडी. सन तीसच्या आसपासची गोष्ट. वाडीची रीत अशी की होळी पेटली की दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे निखारे देवळापुढं पसरायचे आणि मानकऱ्यानं अनवाणी त्यावरून चालत जाऊन गाऱ्हाणं घालायचं. तो चालला की गावाला वर्ष बरं जातं म्हणे. हा मान कोंडाजीच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या होता. मान कसला, जन्माचा जाच! पण घराला त्याचा गर्व भारी. कोंडाजी तरणा होता तेव्हा दात ओठ खाऊन झपाझप पलीकडे जायचा. गेल्या शिमग्याला मात्र नवल घडलं. तो निखाऱ्यांच्या मधोमध उभा राहिला, हात जोडले, सगळं गाऱ्हाणं सावकाश म्हटलं आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता बाहेर आला. ढोल थांबले. गावकीचा मुख्य रावजी पाटील पुढं झाला आणि त्यानं सगळ्यांदेखत कोंडाजीच्या पायांवर डोकं ठेवलं.

झालं! त्या दिवसापासून कोंडाजीचे पाय देवीचे झाले. बायका येऊन पाय धुवायच्या, ते पाणी तीर्थ म्हणून लेकरांच्या तोंडात घालायच्या आणि जाताना गुळाचा खडा ठेवून जायच्या. घरात गुळाला मुंग्या लागायला लागल्या. आणि कोंडाजी तो गूळ येताजाता तोंडात टाकायचा, कारण प्रसादाला नाही कसं म्हणायचं?

राहीबाईला मात्र पुढचं सगळं ठाऊक होतं, जे देवळापुढं कुणी पाहिलं नव्हतं. त्या न भाजलेल्या तळव्यांना घरी आल्यावर टराटरा फोड आले होते आणि ते भरायला पावसाळा उजाडला होता. हा माणूस रात्रीत किती वेळा उठतो याचा हिशेब तिनं सोडून दिला होता. परसात तो लघवीला जिथं बसायचा तिथं मुंगळ्यांची रांग लागायची. खाणं बैलासारखं आणि अंगातला सदरा खुंटीवर टांगल्यासारखा. दिवसभर नांगर धरणारा गडी आता बांधावर बसून राहायचा, समोरून कोण येतंय ते ओळखायला डोळे बारीक करायचा. तिनं रावजी पाटलाला सांगून पाहिलं. पाटील म्हणाला, "देवी अंगात भरलीय राहीबाय, शरीर झिजायचंच." आता यावर हसावं की कपाळ बडवून घ्यावं?

चीप लागली त्या जखमेत भगतानं अंगारा भरला. आठवडा गेला आणि माजघरात वास सुटला. बोट काळं पडलं. तेव्हा राहीबाईनं कुणाला विचारलं नाही, गाडी जुंपायला लावली आणि नवऱ्याला महाडास नेलं. सबंध वाट तो भांडत होता.

"दुकत नाय तर डाक्तर कशाला गो?"

"दुकत नाय म्हनूनच."

डॉक्टर वयानं उतरलेले आणि जरा तिरसट होते. त्यांनी पाय पाहिला, नाकाला रुमाल लावला नाही, पण राहीबाईकडे असं पाहिलं की तिलाच लाज वाटली. मग कोंडाजीची लघवी काचेच्या नळीत घेऊन, निळं औषध घालून दिव्यावर उकळली. बघता बघता निळ्याचं विटेसारखं तांबडं झालं. कोंडाजीनं मनात देवीचं नाव घेतलं.

"ही साखर आहे," डॉक्टर म्हणाले. "डोळे मिटा पाहू. आता मी सुई टोचतो. टोचली की सांगायचं."

कोंडाजी डोळे मिटून वाट बघत राहिला. राहीबाई बघत होती. सुई टाचेत टोचली, तळव्यात टोचली, बोटांत टोचली. "टोचा की मंग," कोंडाजी म्हणाला. तिनं तोंडाला पदर लावला.

"बाई, यांना मधुमेह आहे," डॉक्टर तिच्याशीच बोलू लागले, कारण ऐकणारी तीच होती. "खाल्लेलं अंगी लागत नाही, त्याची साखर होऊन रक्तात साचते. ती लघवीतून जाते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणून ही तहान, म्हणून हे उठणं, म्हणून हे वाळणं. फार दिवस दुर्लक्ष झालं की पायाच्या नसा मरतात. काटा रुतला तरी कळत नाही, जखम भरत नाही, सडते. डोळे जातात, मूत्रपिंडं जातात."

"पन साहेब, ह्ये निखाऱ्यावर हुबे ऱ्हायले व्हते. आईनं..."

"कुणाच्या आईनं?" डॉक्टर एकदम तापले. "पाय मेलेत त्यांचे! मेलेल्या पायाला चटका कसा बसेल? आणि तुमचं गाव त्या पायांची पूजा करतंय, वर गूळ चारतंय? अहो, मारून टाकाल माणसाला!"

कोंडाजीचं ते बोट कापावं लागलं. कापताना तो छताकडे बघत होता, आणि त्याला काहीच दुखलं नाही याचीच राहीबाईला धास्ती बसली. मुंबईस या रोगावर सुईचं औषध आलंय, असं ही दोघं निघताना डॉक्टर म्हणाले. पण कोंडाजीचं दुखणं पथ्यानं आवरण्यातलं होतं. गूळ, साखर, ताडी बंद. भात मूठभर, नाचणीची भाकरीही मोजकी, पालेभाजी नि ताक भरपूर. पोटभर जेवून आडवं पडायचं नाही, रोज चालायचं, पण अनवाणी पाऊल टाकायचं नाही. "हा रोग जात नाही बाई, दारात बांधून ठेवावा लागतो. आणखी एक भाजल्याची जखम झाली तर पाय गुडघ्यापासून जाईल, आणि तोही वेळेवर माझ्याकडे आणलात तर."

राहीबाईनं ते बोलणं पदराला गाठ मारून घरी आणलं. महाडच्या बाजारातून मऊ वहाणा घेतल्या त्या कोंडाजीच्या पायांत चढवल्या. कोंडाजी चिडायचा, ताट ढकलायचा, चोरून गूळ शोधायचा. एकदा तर म्हणाला, "तुला मला उपाशी मारायचंय." ती ऐकून घ्यायची आणि दिवस मावळायच्या आत त्याचे तळवे मांडीवर घेऊन बोटांच्या बेचक्यांत निरखून बघायची, ओरखडा दिसतोय का. शेजारची ठकूबाई तीर्थासाठी गूळ घेऊन आली तर तिनं खडा तिच्या हातात परत ठेवला. "पाय मी रोज धुते, कोंबट पान्यानं, आनि पुसून कोरडे करते. तीर्थ नाय मिळायचं आता." ठकूबाई तणतणत गेली. पण महिन्याभरात कोंडाजीचं रात्रीचं उठणं उणावलं, जखम भरत आली, आणि गडी बांधावरून उठून पुन्हा कुदळ मारू लागला.

तेवढ्यात शिमगा आला. मुंबईचे चाकरमानी आले, त्यांच्यात गिरणीत असलेला राहीबाईचा मुलगा मुरारीही आला. आणि रावजी पाटील ओटीवर येऊन बसला.

"कोंडाजी, औंदा पन हुबं ऱ्हायचं. वरंधची मान्सं येनार हायत बगाया."

कोंडाजीची छाती फुगली. राहीबाई आतून बाहेर आली.

"ह्येंचे पाय मेलेत पाटील. डाक्तरनी सांगितलंय, आता भाजलं तर तंगडी कापाया लागंल."

"डाक्तरला देवीचं काय कळतं?"

"देवीचं मला पन कळत नाय. ह्येंच्या पायाचं कळतं."

"बाईमान्सानं मानाच्या गोष्टीत तोंड घालू नये," पाटील उठला. "मान चुकला तर गावकी बसंल, सांगून ठेवतो." कोंडाजी मान खाली घालून पाटलाला पोचवायला उठला. मुरारी आईला बाजूला घेऊन म्हणाला, "आये, गावाशी लफडा नको. आमी ऱ्हातो मुंबईला, तुमाला हितं दिवस काडायचे हायत."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढं निखारे पसरले होते. वारा आला की लाल व्हायचे. ढोल घुमत होता, बायका दगडी गडग्यापाशी दाटीनं उभ्या होत्या. कोंडाजीनं वहाणा काढल्या. त्याचा बोट नसलेला पाय मातीवर टेकला तेव्हा गर्दी फोडून राहीबाई पुढं आली. कमरेवर भरलेला हंडा होता.

"हे चालायचे नायत," ती म्हणाली.

ढोल अडखळला. रावजी पाटील लालबुंद झाला, पण भोवती परगावची माणसं होती. "बरं," तो म्हणाला. "मान घराचा हाय. पोरगा हाय की. मुरारी, हो पुडं!"

राहीबाई पोराकडे वळली. एकाला वाचवायला जाऊन दुसऱ्याला पुढं केलं होतं तिनं. मुरारीनं निखाऱ्यांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. घाम पुसला.

"नाय," तो म्हणाला. "मला भाजंल."

इतकं साधं वाक्य त्या देवळापुढं आजवर कुणी उच्चारलं नव्हतं! तरणी पोरं फिदीफिदी हसली. कोंडाजीला ते हसू झोंबलं. "माज्या घरात भित्रं कोन नाय!" असं ओरडून त्यानं पाय उचलला, आणि तो खाली टेकायच्या आत राहीबाईनं हंडा निखाऱ्यांवर उपडा केला. फस्सकन वाफ उठली, राख उडाली, बायकांनी किंकाळ्या फोडल्या. तिच्या हातांवर चटके बसले. ती मोठ्यानं विव्हळली, लपवलं नाही.

"माजा मान घालवलास," कोंडाजी कापऱ्या आवाजात म्हणाला.

"मान ग्येला तर जाऊ दे. माजं कुकू पायावर हुबं हाय न्हवं?"

कोंडाजी तिच्या भाजलेल्या हातांकडे बघत राहिला. मग मटकन खाली बसला आणि पोराकडे बघून रडू लागला. "मला पन भाजायचं रे. लई भाजायचं. माजा बा म्हैनाभर ढुंगनावर सरकायचा घरात. कंदी कोन बोललं नाय, मी पन नाय बोललो."

गावकी त्याच दुपारी बसली आणि ते घर वाळीत पडलं. विहीर बंद, विस्तव बंद, लग्नाकार्याचं बोलावणं बंद. राहीबाई लांबच्या ओढ्यावरून पाणी आणू लागली. कोंडाजी वहाणा घालून तिच्या मागोमाग चालायचा, दुसरा हंडा त्याच्या खांद्यावर. त्या वर्षी पाऊस वेळेवर पडला, भात पिकलं, देवीनं वाडीतल्या कुणाचं काही वाकडं केलं नाही. जे काही वाईट केलं ते माणसांनी केलं, आणि अशी माणसं त्याच एका वाडीत राहतात असं मानून आपण शहाण्यांनी निर्धास्त होऊ नये.

पुढच्या शिमग्याच्या तोंडावर पाटलाचा निरोप आला. नारळ घेऊन या, साऱ्या गावासमोर पाटलाच्या पायांवर डोकं ठेवून चुकलं म्हणा, गाव पुन्हा घरात घेईल. निरोप्या दारात उभा होता. कोंडाजी राहीबाईकडे बघू लागला.

"नारळ देवीला देईन की, माजीच हाय ती," राहीबाई म्हणाली. "पन पाटलाला सांग, पाया पडून घ्यायच्या आदी त्येंनी ते पाय निखाऱ्यावर ठेवून दाकवावं. भाजलं तर लाजू नका म्हनावं. आमच्याकडं या म्हनावं, मी मलम लावीन."