पाळण्याला दिलेला रंग

होडीचा उरलेला रंग टाकून देईल तो रत्नागिरीचा कसला? गावी इसहाकच्या दारांपासून कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत सगळं होडीच्याच रंगाचं. म्हणून कुवेतच्या लढाईच्या दिवसांत, सौदीतल्या जुबैलच्या धक्क्यावर लाँचींची बुडं रंगवता रंगवता डब्याच्या तळाशी जे उरलं, ते त्याने घरी आणलं आणि तान्ह्या लेकीचा, इफराचा पाळणा लालभडक केला.

रंग जहरी होता. बुडाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून विष कालवलेला. लाँची पाण्यात गेल्या, तसं धक्क्याखालचं पाणी मुकं झालं. खेकडे गेले. खांबांना वर्षानुवर्षं चिकटलेली कालवं आपसूक सुटून पडू लागली.

"आमटीला एक कालव मिळेना," बरोबरचा नौशाद म्हणाला. "समुद्राला पळवून लावलास की काय रे?"

"पळतोय कुठे? त्याचा इकामा कफीलकडे ठेवलाय," इसहाक हसून म्हणाला; राहायच्या परवान्याचा तो कागद मालकाकडे असला की तिथून कुणाला हलता येत नसे.

घरी मात्र त्याचं हसू आटलं. पाळण्यावर माशी बसेना. बंद बरणीत शिरणारी तिथली धूळ, तीही बसेना. पुढे इफराची मूठ मिटेनाशी झाली. करंगळी दिली तरी धरेना. आईने छातीशी घेतली तरी तोंड निसटायचं.

"पोर दिवसेंदिवस हलकी होतेय," त्याची बायको जोहरा म्हणाली. "काय फासलंत तुम्ही?"

"लाँचीचा रंग. गावी नाही का आपण दारांना..."

"दारं दूध पीत नाहीत."

जाळला तर धूर पोरीच्या नाकात जायचा. म्हणून इसहाकने भर दुपारी पाळणा किनाऱ्यावर नेला आणि पाण्यात ढकलला. लढाईत सांडलेलं तेल तेव्हा काठाशी आलं होतं, काकवीसारखं दाट. पाळणा त्यात शिरला आणि तेल दुभंगलं. अंग चोरून मागे सरलं. पाळण्याला डाग म्हणून लागला नाही. मोकळ्या झालेल्या वाटेवर मासे एकेक करून पोट वर करत गेले.

"कुणाच्या दारी लागायचा हा?" पाळणा उचलू लागायला आलेला नौशाद पुटपुटला.

इसहाक घरी आला, तर इफरा आईचा पदर मुठीत आवळून घटाघटा दूध पीत होती. जोहराच्या डोळ्यांना धार लागलेली. त्याने हात धुतले, घासघासून धुतले, आणि करंगळी पुढे केली.

पोरीने ती हुंगली. मूठ हळूच मागे घेतली आणि आईच्या कुशीत तोंड लपवलं.

इसहाकच्या नखांत लाल रंग तसाच होता. आणि सकाळी आणखी लाँची यायच्या होत्या.