दुसरा बॉक्स : चालू

ठिपका अजून हिरवाच होता. मोबाईलच्या पडद्यावर, केबल कंपनीच्या ॲपमध्ये, मोहरीच्या दाण्याएवढा ठिपका, शेजारी बारीक अक्षरांत 'दुसरा बॉक्स : चालू' — त्याने अंगठ्याने पडदा खाली ओढला, सोडला, ती गोल रेघ दोनदा फिरून थांबली, आणि ठिपका हिरवाच. डाव्या हातात कुणा परक्या म्हाताऱ्याचा मेणाचा जबडा होता, वरच्या ओळीतले पाच दात बसवून झाले होते, सहावा चिमट्यात तसाच धरलेला, आणि स्पिरिटच्या दिव्यावर सुरी नको तेवढी तापत होती. कवळ्या करणाऱ्याचं लक्ष असं उडून कसं चालेल? पण सकाळपासून सुळा दोनदा वाकडा बसला होता.

एरवी हा ठिपका दिसला की त्याच्या जिवात जीव यायचा. सामना सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी करडा ठिपका हिरवा व्हायचा, म्हणजे बाबा खुर्चीत येऊन बसले, चष्मा पुसला, रिमोट उचलला. आणि शेवटची शिट्टी झाली की दोन मिनिटांत पुन्हा करडा, कारण उगाच वीज जाळणं बाबांच्या रक्तातच नव्हतं. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एकटे राहणारे बाबा असे त्याच्या खिशात उगवायचे आणि मावळायचे. बायको चेष्टा करायची, आला का तुझा ठिपका, मग जेव आता. त्याला स्वतःला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण कुठला सामना किती वाजता हे मात्र तोंडपाठ.

कालचा सामना संध्याकाळी सहाला संपला होता. आत्ता सकाळचे अकरा वाजत होते.

काल संध्याकाळी सात वाजता त्याने पाहिलं होतं — हिरवा. म्हटलं, जुना सामना पुन्हा दाखवत असतील. जेवल्यावर पाहिलं, हिरवा. मग त्याने मोबाईल पालथा घालून उशीखाली सरकवला आणि कूस बदलली... हे बायकोला सांगितलं नाही, कुणालाच सांगणार नाही. सकाळी तोंडात ब्रश असताना पाहिलं, तेव्हाही हिरवाच. खुर्चीतच डोळा लागला असेल. लागतो की, वय झालं. रिमोटचे सेल संपले असतील. मग उठून टीव्हीचं बटण दाबता येत नाही? येतं. उठता येत असेल तर येतं... त्याने सहावा दात मेणात दाबला आणि तो जरा जास्तच आत गेला.

समोरच्या फळीवर प्लास्टरचे साचे ओळीने मांडलेले होते, आणि उजवीकडून तिसरा बाबांचा होता. दोन वर्षांपूर्वी त्यानेच त्यांची कवळी केली होती, माप घेताना बाबा ओरडले होते, अरे गुदमरवतोस का मला. साचे वर्षभराने फेकून द्यायची पद्धत आहे, हा राहिला. आज त्या उघड्या, पांढऱ्या जबड्याकडे बघवेना. त्याने उठून तो भिंतीकडे वळवून ठेवला, आणि मग असं वळवून ठेवणंच अभद्र वाटलं म्हणून पुन्हा सरळ केला.

जाऊन बघ ना, असं कुणीही म्हणेल. बायको तर आठ महिने तेच म्हणत होती. पण जाऊन काय सांगायचं? बाबा, तुमचा टीव्ही रात्रभर चालू होता, हे मला कसं कळलं, तर...

आई गेली त्याला सव्वा वर्ष झालं. दुपारची वेळ, ती आतल्या खोलीत पडली होती, आणि बाबा बाहेर सामना बघत होते, नेहमीसारखा मोठा आवाज लावून. डॉक्टर म्हणाले झोपेतच गेल्या, कुणाला काही करता आलं नसतं. त्याने ते ऐकलं आणि मनात कुठेतरी बाजूला ठेवून दिलं. मग आठ महिन्यांपूर्वी तो बाबांना आपल्याकडे राहायला चला म्हणायला गेला, तेव्हा बाबा हसत म्हणाले, तुमच्याकडे फुटबॉलचं पॅक आहे का? सगळे सामने आता जादा पैसे भरल्याशिवाय दिसत नाहीत बरं. गंमत केली होती म्हाताऱ्याने, दुसरं काही नाही. आणि त्याची जीभ सुटली.

"आई आत मरत होती आणि तुम्ही बाहेर मॅच बघत होतात. एकदा आवाज कमी करून कान दिला असतात तर?"

बाबा चिडले नाहीत. चिडले असते तर निभावलं असतं. बंद टीव्हीच्या काळ्या काचेकडे बघत ते म्हणाले, "आवाज होता, म्हणून बसलो होतो."

हे काय उत्तर झालं? म्हणजे हा माणूस आवाजासाठी... तो तरातरा दाराशी गेला तेव्हा मागून एवढंच आलं, "किल्ली ठेवून जा."

महिन्याभराने केबलवाला रस्त्यात भेटला आणि म्हणाला, झेंडेवाल्यांनी पॅक बंद केलं की. बाबांना त्या भागात सगळे झेंडेवाले म्हणत; तरुणपणी गावोगावच्या सामन्यांत ते कडेच्या रेषेवर झेंडा घेऊन पळायचे, अजूनही खुर्चीत बसून पंचाच्या आधी हात वर करून 'ऑफसाइड' म्हणायचे, आणि दहातल्या नऊ वेळा बरोबर असायचे. त्या माणसाने फुटबॉल सोडला. मी सोडायला लावला. माफी मागायला जीभ रेटेना, भांडायला बरी रेटली होती. शेवटी त्याने आपल्याच नावावर दुसरा बॉक्स घेतला, जादा पैसे भरले आणि केबलवाल्याला गळ घातली, की जुन्या गिऱ्हाइकांना कंपनीने फुकट दिलंय म्हणून बसवून ये. तीन आठवडे ठिपका करडाच राहिला. मग एका दुपारी तो हिरवा झाला आणि हा इथल्या मोरीत नळ सोडून रडला.

म्हणून जाता येत नव्हतं. गेलो की बिंग फुटणार, बाबा बॉक्स उचलून हातात देणार, आणि मग खिशात ठिपकाही उरणार नाही. असं तो स्वतःला समजावत होता. हे कारण खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं, हे त्यालाही कळत होतं.

त्याने बाबांना फोन लावला. आठ महिन्यांत पहिल्यांदा. प्रत्येक घंटीला तो मनात म्हणत होता उचला, आणि त्याच दमात, उचलला तर बोलू काय. घंट्या संपल्या. मग केबलवाल्याला लावला. तो घाईत होता, आज एकचा मोठा सामना, पॅक सुरू करून द्या म्हणून सगळे माझ्या जिवावर उठलेत म्हणाला. बॉक्स अडकला असेल हो, कधीकधी अडकतात. तुमच्या मोबाईलवरूनच बंद करून टाका की, दुसऱ्या बॉक्सवर दाबा, बंद करा, झालं. बघत असतील तर पहिली शिवी मलाच येईल, आली की कळवतो.

बंद करा. इतकं सोपं होतं. त्याने दुसऱ्या बॉक्सवर बोट ठेवलं, खाली तांबडं बटण आलं — आणि त्याने मोबाईल खिशात टाकला, लॅबच्या मालकाला पोटात दुखतंय सांगितलं आणि बाहेर पडला.

दोन बस बदलून बाबांच्या इमारतीच्या जिन्यात तो शिरला तेव्हा सामना सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती. प्रत्येक मजल्यावर तोच समालोचक ओरडत होता. पैसे वाढवले म्हणून कंपनीला शिव्यांची लाखोली वाहणारे सगळे पैसे भरून बसले होते. दुसऱ्या मजल्यावर तो पोचतो न पोचतो तोच गोल झाला. आधी तळमजल्यावर आरोळी उठली, मग क्षणभराने पहिल्यावर, मग बाजूच्या दारातून, एकेका घरात जरा उशिरा... आणि वर, तिसऱ्या मजल्यावर, बाबांच्या दारातून फक्त टीव्हीतल्या गर्दीचा आवाज आला. माणसाचा नाही.

लहानपणी या जिन्यावरून तो चपला हातात घेऊन चढायचा. सामना चालू असला की पावलाचा आवाज करायचा नाही, दार ढकलायचं आणि भिंतीला घासून आत सटकायचं. एकदा वायरीत पाय अडकून टीव्ही बंद पडला होता, पेनल्टीच्या वेळेला, आणि बाबांनी जी डरकाळी फोडली, 'कोण रे तो!', तिने त्याला अख्खी दुपार पलंगाखाली काढायला लावली होती. आज तो मुद्दाम पाय आपटत चढला.

दाराशी वर्तमानपत्र घडीत पडलेलं होतं. आजचं. त्याने घंटी वाजवली. मग दार थोपटलं. सामना चालू असताना बाबा दार उघडत नाहीत, कधीच नाही, देव आला तरी नाही — तेव्हा न उघडण्याचा काही अर्थ होत नव्हता. काहीच अर्थ होत नव्हता ना?

समोरच्या दारातली शिवणवाली काकू गळ्यात टेप घेऊन बाहेर आली. त्याला ओळखायला तिला दोन क्षण लागले.

"बरं झालं आलास," ती म्हणाली. "काल संध्याकाळपासून लावलाय. मी रात्री दारावर थापही मारली. एरवी थाप मारली की लगेच कमी करतात."

"मग?"

"नाही केला." ती त्याच्याकडे बघत राहिली. "मला वाटलं, रागावले असतील."

मग तिची नजर वर्तमानपत्रावर गेली. कुलूपवाल्याला बोलावू का, तिने हळूच विचारलं. एक मिनिट थांबा, तो म्हणाला.

त्याने मोबाईल काढला. ठिपका हिरवा. दुसऱ्या बॉक्सवर दाबलं, तांबडं बटण आलं, आणि खाली कंपनीचा प्रश्न — 'आपण खरोखर बंद करू इच्छिता?' अंगठा वरच अधांतरी राहिला. दारापलीकडे समालोचक कुणाची तरी तारीफ करत होता, गर्दी गात होती, घर भरलेलं होतं. आवाज होता. जोवर हा आवाज चालू आहे तोवर आत बाबा खुर्चीत बसलेले आहेत, चिडलेले, हट्टी, पाय लांब केलेले... जोवर तो आहे तोवर काहीही झालेलं नाही. काल सातला हेच. उशीखाली मोबाईल सरकवताना हेच.

आवाज होता, म्हणून बसलो होतो.

म्हणजे त्यांना कळलं होतं. त्या दुपारी आतून काहीतरी नेहमीचं येईनासं झालं होतं, कूस बदलल्याचा आवाज, खोकला, बांगडीचा आवाज, काहीही. आणि ते बाबांना कळलं होतं, आणि त्यांनी टीव्ही बंद केला नव्हता. बंद केला की कान द्यावा लागला असता. रिमोट हातात धरून हा माणूस पूर्ण वेळ बसून राहिला, माझ्यासारखा... आणि मी त्यांना काय बोललो. काय बोललो मी.

"बाबा," तो दाराला तोंड लावून म्हणाला, पण त्या गर्दीत ते त्याचं त्यालाही ऐकू आलं नाही.

त्याने बटण दाबलं.

समालोचक शब्दाच्या मध्यावर तुटला. खालच्या मजल्यांवरचा सामना चालूच होता, पण तो लांबचा, दुसऱ्यांचा. ठिपका करडा झाला. काकूने टेप मुठीत घट्ट धरली. त्याने कान दाराला लावला, थंड लाकडाला, आणि श्वास रोखला. ओरडा बाबा. मी बंद केलाय, मीच, पैसेही माझेच होते. एकदा ओरडा, कोण रे तो. तो पलंगाखालच्या पोरासारखा अंग चोरून होता, फक्त आज त्याला सापडायचं होतं. आणि दारापलीकडच्या त्या शांततेत तो कान देऊन उभा राहिला, कारण आता कुणीतरी कान द्यायलाच हवा होता.