तहान नसलेलं इंजिन

मी एक जुनं वाफेचं इंजिन आहे, आणि तुम्हाला माझी कीव येत असेल तर ती आपल्यापाशीच ठेवा. इंग्लंडच्या उत्तरेला, डरहॅमच्या कोळसापट्ट्यात माझा जन्म झाला. चाळीस वर्षं मी खाणीपासून नदीपर्यंत कोळसा ओढला. लोक टोप्या उडवून माझं कौतुक करत. मग माझ्याहून दांडगी इंजिनं आली आणि मला शेडमध्ये ढकललं गेलं. आता नॉर्मन ट्वेडल हा म्हातारा फिटर तेवढा माझी देखभाल करतो.

एके दिवशी इमोजेन नावाची बाई आली. ती संगणकावरचा खेळ बनवत असे. त्यात रस्ते, कालवे, घोडागाड्या होत्या. आता तिला पहिली आगगाडी आणायची होती. तिने माझे फोटो काढले आणि महिनाभराने खेळ दाखवायला आणला. मित्रांनो, पडद्यावर माझं एक सोंग अख्खा डोंगर चढून गेलं. थांबलं नाही, साधी धापही टाकली नाही!

"हे पाणी कुठे पितं गं?" नॉर्मनने विचारलं.

"पीत नाही. लोकांना थांबायला आवडत नाही, मिस्टर ट्वेडल."

"मग चहाची किटली पळव की! इंजिन कशाला म्हणतेस?"

ती लालबुंद झाली. "आवाज तरी रेकॉर्ड करू द्या."

"देतो. पण विस्तव तू पेटवायचास, पोरी."

पाच तास ती वाकून कोळसा टाकत होती. डोळे चुरचुरले, तळहाताला फोड आले. पाणी कमी झालेलं तिच्या लक्षातच आलं नाही. नॉर्मनने घाईने बॉयलरमध्ये पाणी सोडलं आणि बाही वर करून भाजलेला हात दाखवला.

"दुसऱ्या एका इंजिनावर मीही असाच विसरलो होतो. बॉयलर फुटला. मी वाचलो. माझा जोडीदार नाही वाचला."

घरी जाऊन इमोजेनने खेळ बदलला. आता तिथलं इंजिन पाण्यासाठी थांबतं. पाणी मिळालं नाही तर बंद पडतं. कचेरीतले ओरडले, "गिऱ्हाईक पळेल!" खेळणाऱ्यांनी तर शिव्यांची लाखोली वाहिली, "हे डबडं हलत का नाही?" पाच मिनिटांचा धीर नाही, आणि म्हणे रेल्वे बांधतात! ती मात्र बधली नाही.

नॉर्मनचे गुडघे हल्ली कुरकुरतात, म्हणून दर रविवारी इमोजेन येऊन मला तेल घालते. बाकीचे येतात, माझ्यासमोर उभे राहून स्वतःचेच फोटो काढतात आणि जातात.

मित्रांनो, तुम्ही आलात तर गळे काढू नका. एक चिंधी घ्या, तोंड मिटा आणि घासायला लागा.